संस्था बदलायची जबाबदारी अंगावर आली, आता काय करायचं?

विभागप्रमुख, कारखान्याचे व्यवस्थापक, मुख्याध्यापक, रुग्णालयाचे संचालक, सेवाभावी संस्थेचे नवे कार्यवाह. पद कोणतंही असो, "आता हे सगळं बदलायचं आहे" असं सांगून ज्याला खुर्चीवर बसवतात तो बहुतेक वेळा आधी सादरीकरण तयार करायला घेतो. तीस स्लाइड, एक घोषवाक्य, सभागृहात भाषण, टाळ्या. नव्याचे नऊ दिवस सरतात आणि कामाची पद्धत होती तिथेच राहते.

हाताखालच्या माणसांनी असे साहेब पूर्वीही पाहिलेले असतात. ते भाषण ऐकून घेतात आणि मग तुमच्याकडे नीट बघायला लागतात. साहेब कुठल्या बैठकीला स्वतः येतात आणि कुठल्या बैठकीला "तुम्हीच बघून घ्या" म्हणतात? आकडा चुकला की आधी काय विचारतात? पैसे कमी पडले की कात्री कुठे लावतात? बढती कुणाला देतात? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे एडगर शाइन यांनी संघटनांच्या संस्कृतीवर अनेक दशकं काम केलं. नेत्याकडून संस्कृती रुजते त्याचे सहा मुख्य मार्ग त्यांनी मांडले: नेता सातत्याने कशाकडे लक्ष देतो आणि काय मोजतो, अडचणीच्या वेळी कसा वागतो, पैसा आणि माणसं कुठे लावतो, स्वतः काय करून दाखवतो, कौतुक आणि मान कशाला देतो, आणि कुणाला घेतो, वर चढवतो किंवा काढतो. भिंतीवरची तत्त्वं, घोषणा आणि कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा नवा तक्ता त्यांनी दुय्यम गटात टाकले आहेत.

या सहा गोष्टी रोजच्या कामात उतरवायच्या कशा, ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे. क्रम शक्यतो मोडू नका. विशेषतः पहिल्या दोन पायऱ्या वगळून कुणी थेट तिसरीवर उडी मारली, तर पाचव्या पायरीवर हमखास अडकतो.

आधी जवळ काय हवं

- तुमच्या मागच्या चार आठवड्यांच्या डायरीची छापील प्रत (पदावर नवे असाल तर आधीच्या प्रमुखाची, मिळाली तर)
- मागच्या सहा बैठकांची इतिवृत्तं
- मागच्या दोन-तीन वर्षांत कुणाला बढती मिळाली आणि कुणी नोकरी सोडली याची यादी
- विभागात दर आठवड्याला आणि दर महिन्याला तयार होणाऱ्या सगळ्या रिपोर्टची यादी
- या वर्षीचं बजेट, आणि त्यातून आधी कापली गेलेली कामं
- एक साधी वही. लॅपटॉप नको, कारण समोर माणूस बोलत असताना तुम्ही टाइप करत असाल तर तो जपून बोलतो.

एक गोष्ट मात्र टेबलावरून उचलून ठेवा: "बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात" हे वाक्य. अशा सादरीकरणांत ते हमखास असतं. मार्क ह्यूज या संशोधकाने २०११ मध्ये या आकड्याचे मूळ स्रोत तपासले, तेव्हा त्यामागे भक्कम पुरावा सापडला नाही. शिवाय पहिल्याच दिवशी माणसांना "हे बहुधा फसणार" असं सांगण्यात काय शहाणपण?

१. डायरीचा हिशेब (पहिला आठवडा)

चार आठवड्यांच्या डायरीतला प्रत्येक तास तीनपैकी एका रंगाने रंगवा. चालू काम सांभाळणं एक रंग, वरिष्ठांना उत्तरं देणं दुसरा, आणि जे बदलायचं आहे त्यावर थेट काम तिसरा. प्रामाणिकपणे रंगवलं तर तिसऱ्या रंगाचे ठिपके मोजायला एक हात पुरतो.

पुढच्या महिन्यासाठी हा तिसरा रंग आठवड्याला किमान सहा तासांवर न्या. त्यातले दोन तास काम प्रत्यक्ष होतं तिथे घालवा: काउंटरवर, यंत्राशेजारी, वॉर्डात, वर्गात. "जमेल तसं" असं लिहून ठेवलं तर ते कधीच जमत नाही. वार आणि वेळ ठरवा, आणि ती वेळ तुमचं कॅलेंडर बघू शकणाऱ्या सगळ्यांना दिसू द्या.

सापळा: पाहणीला जाताना चार माणसं बरोबर घेऊन जाऊ नका. साहेबांचा ताफा आला की फरशी पुसली जाते आणि खरं काम दिसेनासं होतं. एकटं जा. पहिल्या दोन-तीन वेळा कुणी मोकळं बोलणार नाही, हे गृहीत धरा.

२. ऐकण्याचा महिना

पहिल्या तीस दिवसांत २० माणसांशी प्रत्येकी ४५ मिनिटं बोला. निवड अशी करा: सहा जण तुमच्या थेट हाताखालचे, आठ जण त्यांच्या खालच्या दोन पातळ्यांवरचे, चार ग्राहक किंवा सेवा घेणारे, आणि दोन असे जे नुकतेच सोडून गेले आहेत. या शेवटच्या दोघांना बहुतेक जण टाळतात. माहिती मात्र तिथेच सगळ्यात जास्त मिळते.

सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारा:

- इथलं काय अजिबात हलवू नये?
- रोजच्या कामात तुमचा सगळ्यात जास्त वेळ फुकट कशात जातो?
- सगळ्यांना माहीत आहे, पण बैठकीत कुणी बोलत नाही, असं काय आहे?
- मागच्या वेळी बदलाचा प्रयत्न झाला तेव्हा घोडं कुठे पेंड खाल्लं?
- माझ्या जागी असता तर येत्या सोमवारी काय केलं असतं?

उत्तरं खोडून काढू नका, खुलासे देऊ नका. "नाही, पण त्याचं कारण असं होतं की..." हे वाक्य तोंडातून निघालं की मुलाखत तिथेच संपली असं समजा, मग ती पुढे अर्धा तास का चालेना.

लुई गर्स्टनर १९९३ च्या एप्रिलमध्ये आयबीएममध्ये आले तेव्हा कंपनी डबघाईला आली होती. त्यांनी वरिष्ठ ५० जणांना तीन महिन्यांत प्रत्येकी किमान पाच मोठ्या ग्राहकांना भेटायला लावलं आणि प्रत्येक भेटीचा एक-दोन पानांचा अहवाल मागितला. ते अहवाल गर्स्टनर स्वतः वाचतात, हे कंपनीत कळायला वेळ लागला नाही. या कामातली मेख तिथेच आहे. अहवाल मागवणारे पुष्कळ असतात. वाचून दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका ओळीबद्दल फोन करणारे फार थोडे.

महिना संपला की ऐकलेलं एका पानात लिहा आणि त्या वीसही जणांना परत पाठवा: "मी हे ऐकलं. यातलं काय चुकीचं समजलो?" नावं अर्थातच नकोत. आणि कोण काय बोललं हे ओळखू येईल असे तपशीलही नकोत. लहान विभागात एखाद्या शब्दावरूनही माणूस ओळखला जातो.

३. एक वाक्य, तीन वागणुकी

आता बदल कागदावर उतरवा. वाक्य असं हवं की दारावरच्या पहारेकऱ्याने ऐकून "म्हणजे माझ्या कामात काय वेगळं होणार?" याचं उत्तर स्वतः द्यावं. "ग्राहककेंद्री उत्कृष्टता" हे चालणार नाही. "तक्रार आल्यापासून दोन कामाच्या दिवसांत माणसाला माणसाकडूनच उत्तर जाईल" हे चालेल.

या वाक्याखाली तीन वागणुकी लिहा. तीनच. पाच लिहिल्या तर लोक सोप्या दोन निवडतात. प्रत्येक वागणूक डोळ्यांना दिसणारी हवी. "जबाबदारी घेणे" कॅमेऱ्यात टिपता येत नाही. "तक्रार दुसऱ्या खात्याची असली तरी ती पोचती करून ग्राहकाला नाव कळवणे" टिपता येतं.

पॉल ओनील १९८७ मध्ये अॅल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात नफ्याबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून लोक बसले होते, आणि ओनील बोलले कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल. नुसतं बोलून थांबले असते तर ते घोषवाक्यच ठरलं असतं. त्याला जोडून त्यांनी एक नियम घातला: कुठेही कुणी जखमी झालं की त्या शाखेच्या प्रमुखाने २४ तासांत त्यांना कळवायचं, आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. आता हिशेब बघा. २४ तासांत प्रमुखाला माहिती हवी, म्हणजे उपप्रमुखाला काही तासांत हवी, म्हणजे फोरमनने लगेच सांगायला हवं, आणि फोरमनकडे उपायांच्या सूचना आधीपासून तयार हव्यात. एका नियमाने खालपासून वरपर्यंत बोलणं सुरू करून दिलं. दुखापतीमुळे कामाचा दिवस बुडण्याचं प्रमाण दर १०० कामगारांमागे १.८६ होतं, ते २००० पर्यंत ०.२ वर आलं.

त्यांनी निवडलेल्या विषयात तीन गुण होते. कामगार, युनियन आणि व्यवस्थापन यांपैकी कुणीही त्याला उघड विरोध करू शकत नव्हतं. तो रोज मोजता येत होता. आणि तो सुधारायचा तर उत्पादनाची पद्धतच समजून घ्यावी लागत होती. तुमचं वाक्य निवडताना या तीन चाळण्या लावून बघा.

४. काय बंद करणार ते आधी जाहीर करा

ही पायरी छोटी आहे, पण लोकांचा विश्वास इथे बसतो. नवीन काम आणताना जुनं काढलं नाही, तर माणसं दोन्ही अर्धवट करतात आणि दोष नव्याला देतात.

रिपोर्टची यादी समोर घ्या. प्रत्येक रिपोर्टपुढे लिहा: मागच्या तीन महिन्यांत यावरून कुठला निर्णय झाला? उत्तर "काही नाही" असेल तर एक महिना तो रिपोर्ट पाठवू नका आणि कोण विचारतंय ते बघा. सहसा कुणीच विचारत नाही. बैठकांचंही तेच. पहिल्या साठ दिवसांत निदान तीन रिपोर्ट, एक बैठक आणि सहीची एक पायरी बंद झालेली दिसली पाहिजे.

सापळा: कायद्याने, लेखापरीक्षणासाठी किंवा सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या नोंदी या झपाट्यात उडवू नका. बंद करण्याआधी हिशेब खात्याला आणि नियमपालन बघणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

५. वाईट बातमी आली की पहिले दहा सेकंद

एवढी एकच पायरी नीट जमली तरी बाकीच्या निम्म्या आपोआप जमतात, म्हणून इथे जरा थांबू.

दृश्य असं. गुरुवारची दुपार. सुपरवायझर दारात उभा राहतो, आत येत नाही, आणि म्हणतो, "मॅडम, उद्याचा माल जाणार नाही." तुमच्या तोंडून सहज निघणारं वाक्य असतं, "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" प्रश्न रास्त आहे. पण बाहेर टेबलावर बसलेल्या तिघांनी तो ऐकला, आणि त्या तिघांनी मनात एक धडा नोंदवला: उशीर झाला तर सांगूच नये, काहीतरी जुळवून वेळ मारून न्यावी.

त्याऐवजी क्रम असा ठेवा:

- "बरं झालं सांगितलंत. बसा." (तो बसेपर्यंत तुमचा चेहरा जागेवर येतो.)
- "ज्यांना माल जायचा आहे त्यांना कळवलंय का?"
- "आत्ता कुणाची मदत मिळाली तर नुकसान कमी होईल?"
- "उद्या सकाळी दहाला पुन्हा बोलू. हे कसं झालं ते तेव्हा बघू."

"का झालं" हा प्रश्न दुसऱ्या दिवसावर मुद्दाम टाकलेला आहे. गडबडीत विचारलेल्या "का"ला माणूस कारण देत नाही, बचाव देतो.

याची मोठी आवृत्ती फोर्ड मोटरमध्ये बघायला मिळाली. अॅलन मुलाली २००६ मध्ये तिथे प्रमुख झाले आणि दर गुरुवारी सकाळी आढावा बैठक घ्यायला लागले. प्रत्येकाने आपल्या कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवायचा. सुरुवातीला सगळे तक्ते हिरवेगार, आणि कंपनीचा त्या वर्षीचा तोटा १२ अब्ज डॉलरच्या वर! मग मार्क फील्ड्स या वरिष्ठ अधिकाऱ्याने एका नव्या गाडीच्या मागच्या दारातल्या बिघाडामुळे उत्पादन थांबवल्याचं सांगत लाल रंग दाखवला. खोलीत शांतता पसरली. आता हा गेलाच, असं बाकीच्यांना वाटत असताना मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल असं विचारलं. लगेच दोघा-तिघांनी सूचना दिल्या. तरीही बाकीचे तक्ते त्याच दिवशी बदलले नाहीत. फील्ड्स आपल्या जागेवर कायम आहेत याची खात्री पटल्यावर बाकीच्यांचे लाल-पिवळे बाहेर यायला लागले. तुमच्याकडेही तसंच होईल. पहिला लाल रंग दाखवणाऱ्याचं पुढे काय होतं, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

तुमच्या आढावा बैठकीचा साचा:

- ठरलेला वार, ठरलेली वेळ, ६० मिनिटं. तुम्ही प्रवासात असलात तरी ती होणार.
- प्रत्येकाचं एक पान, चार रकाने: काय ठरलं होतं, आज कुठे आहे, रंग, कुणाची मदत हवी.
- हिरव्यावर बोलायचं नाही. वेळ लाल आणि पिवळ्यासाठी.
- लाल प्रश्न बैठकीत सोडवत बसायचं नाही. दोन-तीन जणांची नावं ठरवायची आणि ४८ तासांनी त्यांचं उत्तर घ्यायचं.
- तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं. प्रमुखाने आधी मत दिलं की बाकी सगळे होयबा होतात.

सहा आठवडे उलटूनही सगळं हिरवंच येत असेल तर खूश होऊ नका. एक हिरवं काम निवडून प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा, आणि जे दिसेल ते त्या माणसाशी एकट्याशी बोला, चारचौघांत नाही.

इथे नवशिक्यांना एक गोष्ट उलटी वाटते. बदल रुजायला लागला की चुकांची नोंद कमी होत नाही, आधी वाढते. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा ज्या गटांचं काम आणि आपसातलं नातं चांगलं, तिथेच चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. तिथे त्या जास्त उघडपणे बोलल्या जात होत्या, हे त्यामागचं कारण त्यांना नंतर उलगडलं. म्हणून वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या तिमाहीत आकडे वाईट दिसतील. नंतर सांगितलंत तर तो खुलासा वाटतो.

"मग काय, सगळ्यांना सगळं माफ?" नाही. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. प्रामाणिक चूक झाली तर पद्धत दुरुस्त करायची. माहीत असलेला नियम मुद्दाम मोडला तर माणसाशी स्पष्ट बोलायचं आणि लेखी नोंद ठेवायची. चूक लपवली तर ती सगळ्यात गंभीर. हे तिन्ही फरक पहिल्या महिन्यातच सगळ्यांना सांगून ठेवा, प्रसंग आल्यावर नाही.

६. निर्णय खाली सोपवा, पण पायरीने

"आजपासून तुम्ही स्वतः निर्णय घ्या" असं म्हणून कुणी निर्णय घ्यायला लागत नाही. मागच्या महिन्यात तुमच्यापर्यंत आलेले वीस निर्णय लिहून काढा आणि प्रत्येकापुढे यातली एक पायरी मांडा:

- विचारा आणि थांबा
- पर्याय आणि शिफारस घेऊन या
- "मी असं करतोय" सांगा आणि करा
- करा, महिन्याअखेर कळवा

दर महिन्याला पाच निर्णय एक पायरी पुढे सरकवा. सरकवण्याआधी दोन गोष्टी तपासा: त्या माणसाला ते काम येतं का, आणि ते कशासाठी करायचं आहे हे त्याला नेमकं कळलंय का. यातली एक जरी नसली तर सोपवणं म्हणजे ढकलणं होतं.

यातली तिसरी पायरी विलक्षण उपयोगी आहे. डेव्हिड मार्के १९९९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या सँटा फे या पाणबुडीचे कप्तान झाले. त्यांचं प्रशिक्षण दुसऱ्याच जातीच्या पाणबुडीवर झालेलं. एका सरावात त्यांनी वेगाचा असा हुकूम सुचवला जो या पाणबुडीच्या राखीव मोटरवर देताच येत नव्हता. अधिकाऱ्याने तो जसाच्या तसा पुढे दिला. चालकाला तर काही करणंच शक्य नव्हतं. अधिकाऱ्याला विचारल्यावर कळलं की असा वेग नाही हे त्याला माहीत होतं, कप्तानाने सांगितलं म्हणून त्याने पुढे सांगितलं. त्यानंतर मार्के यांनी अधिकाऱ्यांना परवानगी मागण्याऐवजी "मी अमुक करणार आहे" असं म्हणायची सवय लावली. एवढं म्हणण्यासाठी माणसाला आधी स्वतः पूर्ण विचार करावा लागतो. कप्तानाकडे रोखण्याचा अधिकार राहतोच.

सापळा: सोपवलेला निर्णय चुकला की तो परत स्वतःकडे ओढून घेणं. एकदा असं केलंत की बाकीचे चौघे आपापले निर्णय स्वतःहून तुमच्या टेबलावर आणून ठेवतील.

७. मधली फळी

विरोध खालून येतो असं वाटतं. बऱ्याचदा तो मधून येतो, आणि त्याला कारण असतं. सुपरवायझर, सेक्शन प्रमुख, विभागाचे जुने जाणते यांची पत जुन्या पद्धतीवर उभी असते. कुणाला कुठला कागद कुठे अडतो हे माहीत असणं, हीच त्यांची ताकद. तुम्ही कागदच काढून टाकताय! त्यांना "मानसिकता बदला" सांगण्यात अर्थ नाही. नव्या पद्धतीत त्यांचं स्थान काय, हे नावानिशी सांगा.

भाषणाने इथे भागत नाही. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या गृहिणींवर एक प्रयोग केला. मांसाच्या टंचाईत हृदय, मूत्रपिंड असे न आवडणारे भाग स्वयंपाकात वापरायला लावायचे होते. काही गटांना व्याख्यान दिलं, काहींना आपसात चर्चा करून शेवटी हात वर करून ठरवायला लावलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तो पदार्थ केला. चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

तुमच्या बैठकीत गट सहा ते दहा जणांचा असू द्या, वेळ ९० मिनिटं. सुरुवातीला फळ्यावर दोन रकाने करा: "हे ठरलेलं आहे" आणि "हे तुम्ही ठरवायचं". पहिल्यात जे आहे त्यावर मतं मागू नका. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मत मागून मग आपलंच करणं, याइतकं मन दुखावणारं दुसरं काही नाही. बैठक संपताना प्रत्येकाने येत्या सोमवारपर्यंत स्वतः काय करणार हे एका वाक्यात सगळ्यांसमोर सांगायचं. सोमवारी तुम्ही ते विचारायचं. विसरलात तर पुढच्या वेळी कुणी मनापासून सांगणार नाही.

कधी कधी सोनारानेच कान टोचलेले बरे असतात. जो जुना माणूस सगळ्यांत जास्त शंका काढतो, त्याच्याकडे नव्या पद्धतीची चाचणी सोपवून बघा. त्याने "हे चालतंय" म्हटलं तर तुमच्या दहा ई-मेलपेक्षा ते वजनदार. त्याने "चालत नाही" म्हटलं तर बहुधा खरंच काहीतरी चालत नसतं.

८. मोजमाप, बढती आणि "कामाचा पण त्रासदायक" माणूस

सहकार्य हवं म्हणायचं आणि गुण मात्र एकमेकांच्या तुलनेत द्यायचे, ही विसंगती फार ठिकाणी असते. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक गटातल्या ठरावीक जणांना खालचा दर्जा द्यावाच लागायचा. मग हुशार माणसं हुशारांच्या गटात जायला कचरायची. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. म्हणून वागणुकींची तक्ती लावण्याआधी मूल्यमापनाचा फॉर्म काढून वाचा. त्या तीन वागणुकींमुळे कुणाचे गुण कमी होत असतील तर फॉर्म आधी बदला.

माणसं घाऊक बदलण्याची घाईही नको. अमेरिकेतल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा बदनाम कारखाना १९८२ मध्ये बंद पडला आणि १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी तेच जुने. पण आता अडचण दिसली की कुणालाही दोरी ओढून मदत बोलावता येत होती, गरज पडली तर उत्पादनाचा पट्टा थांबवता येत होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता खूप सुधारली.

तरीही एक प्रसंग टळत नाही. आकडे उत्तम आणतो, पण ठरलेल्या वागणुकी उघड पायदळी तुडवतो, असा एक माणूस असतोच. त्याच्याशी एकांतात बोला, उदाहरणं तारखांसकट द्या, काय बदललेलं दिसायला हवं ते लिहून द्या, सहा आठवडे द्या, मध्ये दोनदा आढावा घ्या. नंतर फरक नसेल तर त्याची माणसं सांभाळण्याची जबाबदारी काढा, किंवा त्याला मोकळं करा. मनुष्यबळ खात्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. नाहीतर ऐन वेळी कागदपत्रं अपुरी निघतात. ओनील यांनी मेक्सिकोतल्या एका कारखान्यातला विषारी वायूचा प्रकार वर न कळवल्याबद्दल धंदा वाढवून दाखवणाऱ्या एका वरिष्ठाला काढलं होतं. सुरक्षितता कितपत गंभीरपणे घ्यायची, याबद्दल त्यानंतर कुणाला शंका उरली नसावी.

९. चौथ्या महिन्यातली मरगळ

नवीन पद्धतीत पहिले काही आठवडे काम हळू होतं. हात बसलेला नसतो. याच वेळी "जुनंच बरं होतं" सुरू होतं आणि नेमके तेव्हाच तुम्ही दुसऱ्या कामांत अडकलेले असता. तीन उपाय आधीच करून ठेवा:

- जुनी पद्धत बंद करण्याची तारीख सुरुवातीलाच जाहीर करा. जुनं आणि नवं समांतर चालवायचंच असेल तर चार ते सहा आठवडे, त्याहून जास्त नाही.
- सुरुवात करण्याआधी एक तास बसून गटाला सांगा: "एक वर्ष उलटलंय आणि हा सगळा बेत साफ फसलाय. का फसला ते प्रत्येकाने दहा मिनिटं लिहा." मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही युक्ती आहे. एरवी जी शंका नकारात्मक ठरते, तीच इथे हुशारी ठरते.
- तिसऱ्या महिन्यापर्यंत एक लहान पण खरी सुधारणा पूर्ण करून दाखवा. ती कुणी केली त्यांची नावं घ्या, आणि त्या यादीत तुमचं नाव घालू नका.

सहा महिन्यांनी तपासायची यादी

पुन्हा तीच वही उघडा आणि हे लिहून काढा. तुमच्या डायरीत तिसऱ्या रंगाचे तास आठवड्याला किती उरले? शेवटची वाईट बातमी तुम्हाला कुणी दिली, आणि ती घडल्यावर किती तासांनी? महिन्यात किती लाल रंग आले? वीस निर्णयांपैकी किती खाली सरकले आणि तिथेच राहिले? शेवटची बढती ज्याला दिली, त्याचं नाव ऐकून लोकांना आश्चर्य वाटलं का? आणि शेवटी, रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही तिघा कर्मचाऱ्यांना विचारा, "आपल्याकडे सध्या काय बदलायचं चाललंय?" तिघांची उत्तरं साधारण एक आली तर सातव्या महिन्याचा बेत आखा. तीन वेगळी आली तर तिसऱ्या पायरीवर परत जा आणि ते वाक्य पुन्हा लिहा.